तुम्ही बघितलंच नाही

ताई, नमस्कार.

मी अंबडच्या एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. वय ४६. दोन पाळ्या मिळून हाताखाली २२ माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. तीन महिन्यांपूर्वी आमचं एक ट्रेनिंग झालं. माणसांना रोज शाबासकी द्या, काम सुधारतं, असं तिथे सांगितलं. मला पटलं. दुसऱ्या दिवसापासून फेरी मारताना प्रत्येकाला 'छान चाललंय', 'एक नंबर' म्हणायला लागलो. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे टाकायला लागलो. आठवड्याभरात पोरं एकमेकांकडे बघून हसायला लागली. एकानं तर तोंडावर विचारलं, "साहेब, रविवारी बोलवायचंय का?"

घरी तीच गत. बायको पतसंस्थेत नोकरी करते, घरचंही सगळं तीच बघते. तिला म्हटलं, आज भाजी फारच सुंदर झालीय, तर म्हणाली, "काय काम आहे?" मुलगी नववीत आहे. तिनं गंगेवरचं, म्हणजे आपल्या गोदावरीवरचं, चित्र काढलं, पुरातला दुतोंड्या मारुती, नदीच्या पात्रातली ती दोन तोंडांची मूर्ती. मी मोबाइलमधून मान वर करून म्हटलं, "वा, मस्त! किती हुशार आहेस!" ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बघितलंच नाही," आणि चित्र घेऊन आत गेली. तेव्हापासून काही दाखवत नाही.

आमचं गाव दिंडोरी तालुक्यात. वडिलांची, नानांची, द्राक्षबाग आहे. नानांनी मला आजवर एकदाही 'चांगलं केलंस' म्हटलेलं नाही. एकदाच व्यापाऱ्याला सांगताना कानावर पडलं होतं, "हा प्लॉट पोरानं सांभाळलाय." न बोलताही त्यांचं सगळं नीट चाललं. मग माझंच काय चुकतंय? की कौतुक करणं हे आपल्यासारख्यांचं कामच नाही, गप्प राहिलेलं बरं?

— एक वाचक, सिडको, नाशिक

नमस्कार दादा,

लेक रुसली म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, ते पत्रात दिसतंच आहे. पण मला तिचं वाक्य फार मोलाचं वाटलं. 'छान' तर तुम्ही म्हणाला होतात, वर हुशारही म्हणालात. तिची तक्रार शब्दांबद्दल नव्हतीच. बघितलं नाही, एवढंच तिचं म्हणणं. कारखान्यातली पोरं हसली ती त्यामुळेच, आणि वहिनींनी "काय काम आहे" विचारलं तेही त्यामुळेच. ट्रेनिंगमध्ये तुम्हाला बोलायला शिकवलं, आणि त्याआधीचं बघणं राहून गेलं.

पावसाळ्यात आपण नाशिककर काय करतो आठवून बघा. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की घाटावर जाऊन आलेल्याला आपण विचारतो, गंगेला पाणी किती आहे? तो नुसतं 'खूप आहे' म्हणत नाही. "मारुतीच्या गुडघ्याला लागलंय," "कमरेच्या वर गेलंय," "छातीला टेकलंय" असं सांगतो. एवढ्यावरून ऐकणाऱ्याला कळतं की हा खरोखर घाटावर जाऊन आलाय. सराफ बाजारातला दुकानदार त्या एका वाक्यावर ठरवतो, खालचा माल वर उचलायचा की अजून थांबायचं. पाणी कुठवर आलंय ते ज्यानं सांगितलं, त्याचं आपण ऐकतो. कौतुकाचंही असंच आहे दादा. नेमकं ठिकाण सांगितलंत की समोरच्याचा विश्वास बसतो. 'एक नंबर' म्हणायला घाटावर जावं लागत नाही, घरात बसूनही म्हणता येतं, आणि हे तुमच्या पोरांना बरोबर कळतं.

मशिन शॉपचं मला थोडंफार कळतं. माझा धाकटा भाऊ पंचवीस वर्षं सातपूरला सीएनसीवर होता, त्यामुळे आमच्याकडे जेवताना मायक्रॉनच्याच गोष्टी चालायच्या. त्याची एक गोष्ट सांगते. रात्रपाळी होती. बोअरिंगचं, म्हणजे पीसमधलं भोक (बोअर) मापात कापायचं काम चालू होतं. इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत गेला की बोअर हळूहळू लहान येऊ लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. भोकाचं माप तपासायचा गो गेज अजून आत जात होता, म्हणजे पीस पासच होते. पण गेज जाताना हाताला जरा जड लागायला लागला, तसं भावानं मशिन थांबवलं, इन्सर्ट बदलला, ऑफसेट, म्हणजे मशिनला मापाची दुरुस्ती, दिला, पुढचा पीस तपासला आणि रजिस्टरमध्ये दोन ओळी लिहून ठेवल्या. झालं एवढंच. सकाळच्या पाळीचा पहिला पीस पास झाला. काहीच घडलं नाही.

हे 'काहीच घडलं नाही' नीट बघा. रिजेक्शन झालं की मशिनभोवती चार जण गोळा होतात, फोन फिरतात, कोण होतं पाळीला याची चौकशी होते. रिजेक्शन टळलं तर कोण येतं? चांगलं काम बहुतेक वेळा असंच असतं, त्याचा मागमूस राहत नाही. ते शोधायला जावं लागतं. त्या सकाळी भावाचे सुपरवायझर रजिस्टर वाचून त्याच्याकडे आले. शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. विचारलं, "पीस पास होत होते ना? मग थांबलास का?" भावानं सांगितलं, गेज हाताला जड लागला. ते म्हणाले, "बरं झालं थांबलास. पुढचा लॉट गेला असता." आणि निघून गेले. भाऊ आता रिटायर झालाय, पण ही गोष्ट तो अजून सांगतो, आणि सांगताना त्याचा अंगठा आणि बोट तो गेज धरल्यासारखं आपोआप फिरतं.

त्यांनी कौतुक करायच्या आधी विचारलं. का थांबलास, हा प्रश्नच अर्धं कौतुक होता, कारण तो विचारायला आधी रजिस्टर वाचावं लागलं होतं.

म्हणून तुमच्यासाठी पहिलं सांगणं: रोज २२ जणांना शाबासकी द्यायचं बंद करा. आठवड्यात दोघा-तिघांचं काम खरोखर बघून झालं, तरी पुष्कळ. रजिस्टर वाचा, पाळी बदलताना दहा मिनिटं आधी जाऊन उभे राहा. कोण पुढच्या पाळीला मशिन पुसून, चिप्स काढून देतो, कोण नव्या पोराला जॉब क्लॅम्प करताना दुसऱ्यांदा दाखवतो, हे दिसेल. दिसलं की त्याच दिवशी, त्याच मशिनपाशी सांगा, आणि त्यामुळे काय झालं तेही सांगा. 'तू ऑफसेट लिहून ठेवलास म्हणून सकाळी अर्धा तास वाचला.' मोठं विशेषण शोधू नका. काही जणांना चारचौघांत बोललेलं आवडतं, काहींना मेल्याहून मेल्यासारखं होतं. तुम्ही रोज त्यांच्यात वावरता, तुम्हाला ते कळेल.

आणि त्या दिवशी त्याला रविवारचं विचारू नका. खरंच गरज असेल तर दुसऱ्या दिवशी सरळ विचारा, कौतुकाचा मुलामा न देता. आपल्याकडे हरभऱ्याच्या झाडावर चढवणं म्हणतात ते हेच. चढवलेल्या माणसाला खाली उतरताना कळतं, की चढवणाऱ्याचं काम होतं. एकदा हे कळलं की पुढची खरी शाबासकीही तो तपासून घेतो. तुमच्या त्या पोरानं रविवारचं विचारलं, तो उर्मटपणा समजू नका. याआधी कधीतरी कुणीतरी त्याला असंच चढवलेलं असणार.

'पण'चंही तेच. 'काम चांगलं झालंय, पण...' म्हटलं की माणूस 'पण'च्या पुढचं ऐकतो आणि आधीचं विसरतो. चूक सांगायची असेल तर चूक म्हणून सांगा, स्वतंत्रपणे.

कंत्राटी माणसांबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. निम्मी कंत्राटी, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. त्यांची नावं तुम्हाला येतात का? सगळ्यांची? कंत्राटी माणसाला पहिलं कौतुक लागतं ते नावानं हाक मारण्याचं. त्यांच्यापैकी कुणी काही सुचवलं आणि ते उपयोगी पडलं, तर वर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये त्याचं नाव लिहा. बऱ्याच ठिकाणी सूचना कंत्राटी पोराची असते आणि नाव कायम माणसाचं लागतं. शाबासकीनं किराणा भरत नाही, हेही विसरू नका. पगारवाढीच्या, कायम करण्याच्या वेळी तुमचा शब्द चालत असेल तर तो तिथे टाका, लेखी टाका. तोंडी गोड आणि कागदावर गप्प असा साहेब माणसांना लवकर ओळखू येतो.

मी स्वतः एका कचेरीत २८ वर्षं नोकरी केली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं, पाच जण बोलले. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, हसतमुख. आदल्या महिन्यात दुसऱ्या बाई निवृत्त झाल्या तेव्हाही हेच पाच जण हेच शब्द बोलले होते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होते. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. आठवतं ते त्याच्या पंधरा वर्षं आधीचं. एक अधिकारी बदली होऊन चालले होते, कडक माणूस, कधी चांगलं म्हणून न बोललेला. जाताना माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाले, "बाई, तुमची टिप्पणी वाचली की मागची पानं चाळावी लागत नाहीत." मी रात्री उशिरापर्यंत बसून मागचा पत्रव्यवहार वाचायची, तारखा जुळवायची, तेव्हा कुठे ती अर्ध्या पानाची टिप्पणी व्हायची. हे कुणाला माहीत नाही असं मी धरून चालले होते. त्यांना माहीत होतं. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेले, बस सोडून दिली.

आता घरचं. वहिनींच्या भाजीचं कौतुक करू नका असं मी म्हणणार नाही, चव आवडली तर जरूर सांगा. पण घरातल्या बाईच्या वाट्याला येणारं कौतुक बहुतेक ताटापाशीच येतं, आणि त्यात एक दोरी असते. 'तुझ्यासारखी पुरणपोळी कुणालाच जमत नाही' म्हटलं की होळीला आणि पोळ्याला, ताप असला तरी, पोळ्या तिनंच करायच्या हे ठरून जातं. माझ्या सासरी माझ्या कडबोळ्यांचं असं कौतुक झालं, की मी सतरा दिवाळ्या तळणापाशी उभी राहिले. ज्या कौतुकानं बाईचं काम वाढतं, ते तिला ऐकतानाच ओळखू येतं. म्हणून त्या विचारतात, काय काम आहे.

मग काय बघायचं? जे ताटात दिसत नाही ते. पतसंस्थेत नोकरी करून त्या घर 'बघतात' असं तुम्ही लिहिलंत. त्यात काय काय येतं? गॅसचा नंबर कधी लावायचा, नानांच्या बीपीच्या गोळ्या गावी कोणाबरोबर पाठवायच्या, मुलीच्या क्लासची फी कुठल्या महिन्यात जड जाईल, कुणाच्या लग्नात किती आहेर दिला होता. हे सगळं एका डोक्यात चालू असतं, आणि इथेही तुमच्या बोअरसारखंच आहे, नीट चाललं की काहीच घडत नाही. एक आठवडा यातलं काय काय त्या करतात ते नुसतं बघा. मग एक दिवस म्हणा, 'नानांच्या गोळ्या या वेळीही संपायच्या आधी पोहोचल्या. तू पाठवल्यास ना? माझ्या तर लक्षातच नव्हतं.' आणि पुढच्या महिन्यापासून गोळ्या तुम्ही पाठवायला घ्या. घरात कौतुकाला जोड द्यावी लागते, दादा. नाहीतर ते वरून बघणाऱ्याचं कौतुक होतं, आणि घरात वरून बघणारा कुणाला हवाय?

लेकीला तुम्ही हुशार म्हणालात. त्यात प्रेम आहे, मला शंका नाही. पण हा शब्द जपून वापरा. मीही माझ्या मुलाला लहानपणापासून हुशार हुशार म्हणत आले. आठवीत त्याला गणित अडलं, आणि त्यानं चाचणीचा पेपर गादीखाली लपवला. मार्क कमी पडल्याची भीती त्याला फारशी नव्हती. आईचा 'हुशार' जाईल याची होती. हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली याच विषयावर काही प्रयोग प्रसिद्ध केले. पाचवीतल्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना म्हटलं, तू हुशार आहेस, काहींना म्हटलं, तू मेहनत घेतलीस. बस, एका वाक्याचा फरक. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच धड जमली नाहीत. त्यानंतर पुन्हा सोपी दिली, तेव्हा हुशार म्हटलेली मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि मेहनतीची म्हटलेली पुढे गेली. आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना वाढवून सांगणारीही हुशार म्हटलेल्यांत जास्त निघाली. ते वाचून मला आमची गादी आठवली.

विशेषणं वाढवूनही उपयोग नाही. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की ज्या मुलांना स्वतःबद्दल फारसा विश्वास नसतो, त्यांना मोठे लोक उगाच फुगवून शाबासकी देतात, आणि तीच मुलं त्यानंतर अवघड काम घ्यायला कचरतात. एवढं मोठं म्हटलंय, आता पुढच्या वेळी कमी पडलो तर?

राहिले नाना. 'न बोलताही सगळं चाललं' हे मला मान्य नाही. तुम्ही ४६ वर्षांचे आहात आणि सहज कानावर पडलेलं एक वाक्य तुम्हाला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. इतकी भूक राहिली असेल तर सगळं नीट चाललं असं कसं म्हणायचं? नानांचा दोष आहे असंही मी म्हणत नाही. आपल्याकडे तोंडावर कौतुक करायचं नाही, पोर शेफारतं, दृष्ट लागते, असं मानणाऱ्या दोन-तीन पिढ्या गेल्या. बाळ फार गोड दिसलं तर आपण तीट लावतो. कौतुक करायचं ते तिसऱ्यापाशी. त्यांच्या रीतीत त्यांनी ते केलं, आणि कुणापाशी केलं ते बघा: भाव ठरवायला आलेल्या व्यापाऱ्यापाशी, जिथे एकेका शब्दावर किलोमागचे रुपये ठरतात. आपला माल त्यांनी तुमच्या नावावर पुढे केला. शिवाय नाना 'पोरगा चांगला आहे' म्हणाले नाहीत, 'हा प्लॉट' म्हणाले. त्यांनी तो प्लॉट ओळीओळीनं बघितलेला होता.

तुमच्या कानावर ते अपघातानं पडलं. पडलं नसतं तर? म्हणून एक सोपं काम लगेच करता येईल. पाठीमागे झालेलं कौतुक ज्याचं त्याला पोहोचवा. क्वालिटीवाल्यानं तुमच्या एखाद्या ऑपरेटरबद्दल चांगलं म्हटलं, मुलीच्या बाईंनी शाळेत काही म्हटलं, तर ते त्यांच्याच शब्दांत जाऊन सांगा.

आणि नानांना कुणी कधी सांगितलंय का? यंदा ऑक्टोबर छाटणीला दोन दिवस सुट्टी काढून जा. नाना कुठल्या डोळ्यावर काडी कापतात ते शेजारी उभं राहून बघा, आणि विचारा, 'नाना, ही इथेच का कापली?' ते कदाचित 'तुला काय करायचंय' म्हणतील. थोड्या वेळानं सांगतीलही. बोलायला जड जाईल म्हणून मागे फिरू नका. एरिका बूथबी आणि व्हॅनेसा बोन्स या संशोधक बाईंनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळलं, की कौतुक करण्याआधी माणसाला वाटतं आपल्याला नीट सांगता येणार नाही, समोरचा अवघडेल, आणि प्रत्यक्षात समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं वाटतं. शब्द अडखळले तरी चालतात, असा माझाही अनुभव आहे.

लेकीचं मात्र ऑक्टोबरपर्यंत ठेवू नका. आज रात्रीच तिच्या खोलीच्या दाराशी जा, मोबाइल बाहेर ठेवून. 'त्या दिवशी मी खरंच बघितलं नव्हतं. आता बघू?' एवढंच म्हणा. ती लगेच देणार नाही. उद्या पुन्हा जा. दिलं की बसा, आणि निदान दोन मिनिटं काही बोलू नका. मारुतीचं कुठलं तोंड तिनं समोर घेतलंय? पाण्याचा गढूळ रंग कसा आणलाय? मागे देवळं आहेत का, पुलावर बघायला आलेली माणसं आहेत का? घाटावर जाऊन काढलंय की आठवून? यातलं जे दिसेल ते सांगा, जे कळणार नाही ते तिला विचारा. मी ते चित्र पाहिलेलं नाही, त्यामुळे ते कसं आहे हे मला सांगता येणार नाही. तुम्ही बघितल्यावर मला पुन्हा पत्र लिहा. तिनं पाणी मारुतीच्या कुठवर आणलंय, ते कळवा.